आपला पाट जिथून येतो ते रतनवाडी



गेल्या कापणीच्या सणाला मी एका मंडळीत आपल्या आदिवासी सेवाकार्याची माहिती द्यायला गेले होते. उपासना झाली, चहा सुरू झाला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला बाजूला बोलावले. गेली कित्येक वर्षे ते या कार्याला न चुकता देणगी देतात. ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण त्या रतनवाडीच्या बाजूला आपले एकही कुटुंब नाही. मंडळी नाही, प्रार्थनाघर नाही. मग आपला पैसा तिकडे डोंगरात का घालायचा? आपल्या लोकांत गरज कमी आहे का?"

प्रश्न सरळ मनाने विचारला होता. मी शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी दोन वाक्ये बोलले. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. परत निघताना माझे लक्ष वेदीकडे गेले. सणाची अर्पणे अजून तशीच होती. गव्हाचे ताट, पेरू, डाळिंबे आणि दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या उसाच्या मोळ्या. तो ऊस प्रवरेच्या पाटावरचा होता. त्या भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच उभे होते, पण ते मला वेळेवर सुचले नाही. म्हणून आज ते सविस्तर लिहीत आहे.

रतनवाडी कोठे आहे?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. त्याच्या डोंगराळ भागाला जुने लोक डांगाण म्हणतात. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, याच तालुक्यात. राजूरवरून पुढे शेंडीला गेले की भंडारदऱ्याचे धरण लागते. धरणामागे डोंगरांच्या मधोमध पसरलेला जलाशय आहे. मुतखेल, कोलटेंभे करीत त्याच्या काठाने गेलात तर शेवटी, जलाशयाच्या अगदी माथ्याशी, रतनगडाच्या पायथ्याला रतनवाडी लागते. पूर्वी हा रस्ता नव्हता. तेव्हा शेंडीहून लाँचमध्ये बसून पाण्यावरून रतनवाडीला जावे लागे.

आपली प्रवरा नदी याच रतनगडाच्या कुशीत उगम पावते. ओढ्याएवढी असते तेव्हा ती रतनवाडीतून जाते आणि तिथून जलाशयात शिरते. पुढे रंधा धबधब्यावरून उडी घेऊन अकोले, संगमनेर करीत ती प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. आपल्यापैकी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर आणि राहुरी भागातले वाचक तिला पाटाच्या रूपाने रोज पाहतात. पण तिच्या पहिल्या वाडीला त्यांच्यातले फार थोडे गेले असतील.

वाडीत राहणारे बहुतेक लोक महादेव कोळी. आसपासच्या वाड्यांवर ठाकर समाजही आहे. पावसाळ्यात भात, उतारावर नाचणी, वरई आणि खुरासणी ही इथली पिके. गोठ्यात डांगी जनावरे असतात. ही जात मुसळधार पावसात टिकते, चिखलातही काम करते. मे महिन्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, पाऊस लागला की त्या जागी भाताचे रोप टाकायचे आणि मग गुडघाभर चिखलात आवणी करायची. आपल्याकडे रात्री पाटाचे दारे धरण्यात जशी हयात जाते, तशी इथे आवणीत जाते.

पाण्याआधीचे गाव

धरणामुळे तलावाकाठी नवीन गाव वसले असावे, असे पुष्कळांना वाटते. खरे तर गाव आधीचे आहे, तलाव नंतरचा.

रतनवाडीत अमृतेश्वराचे दगडी मंदिर आहे. हजारएक वर्षांपूर्वीचे, शिलाहारांच्या काळातले ते मानले जाते. नक्षीकाम बारीक, आणि जवळच दगडाने बांधलेली पुष्करणी. आपल्या वार्तापत्रात मंदिराचे वर्णन कशाला, असे कोणी म्हणेल. मी त्याचा उल्लेख एवढ्यासाठी करते की नदीच्या उगमाशी, इतक्या आडबाजूला असे बांधकाम उभे राहिले म्हणजे ही जागा तेव्हाही ओसाड नव्हती. इथे लोक होते, वाट होती, आणि पाण्याची किंमत जाणणारे हात होते.

ती वाट कोकणात उतरणाऱ्या घाटांची. रतनगड आणि अलंग, मदन, कुलंग हे किल्ले त्याच वाटांवर नजर ठेवण्यासाठी. मराठेशाहीत या डोंगरी किल्ल्यांची आणि घाटांची राखण कोळी नाईकांकडे असे. त्याबद्दल त्यांना वेतन आणि हक्क मिळत. १८१८ साली पेशवाई संपली, इंग्रजी अंमल आला, आणि किल्ल्यांचे महत्त्व गेले तशी नाईकांची वेतनेही कमी झाली, हक्क काढून घेतले गेले. सारा मात्र रोखीने भरावा लागू लागला. रोख पैसा सावकाराकडे, आणि सावकाराच्या वहीत जमीन.

यातूनच उठाव झाले. १८२८ च्या सुमारास रामजी भांगरे उठले. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र राघोजी भांगरे यांनी १८४४ पासून सरकार आणि सावकार दोघांविरुद्ध लढा दिला. राघोजी याच तालुक्यातल्या देवगावचे. १८४८ च्या जानेवारीत ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. १८५७ ला अजून नऊ वर्षे होती. आज डांगाणात कुठल्याही चौकात त्यांचे नाव दिसते. आपण मात्र या लोकांना "बिचारे आदिवासी" म्हणतो, तेव्हा त्यांच्यामागे हा इतिहास आहे हे विसरतो.

एकाच दुष्काळाची दोन लेकरे

आता आपल्या बाजूचा इतिहास.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला आले. पण जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मंडळ्या वाढल्या त्या पुढे, दुष्काळांच्या काळात. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९६–९७ चा आणि पाठोपाठ १८९९–१९०० चा. गावेच्या गावे रिकामी झाली. अनाथ मुलांसाठी मिशनने आश्रम आणि शाळा उघडल्या, भुकेल्यांसाठी कामे काढली. रेव्ह. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांची सेवा याच काळात, याच जिल्ह्यात झाली. आपल्यातल्या कितीतरी घरांत आजही सांगतात की आमचा पणजोबा किंवा आमची पणजी दुष्काळात मिशनच्या आश्रमात वाढली. माझ्याही घरात हीच गोष्ट सांगतात.

त्याच दुष्काळांनी सरकारलाही हलवले. १९०१ ते १९०३ या काळात पाटबंधारे आयोगाने देशभर पाहणी केली. दख्खनच्या कोरड्या पट्ट्याला वाचवायचे तर सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून कालव्याने खाली आणला पाहिजे, हा विचार पुढे आला. नाशिककडचे दारणा धरण आणि आपले भंडारदरा ही त्याच विचाराची फळे. भंडारदऱ्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले, म्हणून त्याला विल्सन धरण म्हणतात. दगडी बांधकामाची भिंत सुमारे ८२ मीटर उंच आहे. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांमध्ये तिची गणना होई. साठा सुमारे ११ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २,८३० कोटी लिटर पाणी.

हे पाणी नदीतून संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून डाव्या व उजव्या कालव्यात वळते. ज्वारी-बाजरी दुष्काळात जळू नये हा मूळ हेतू. पुढे उसाने पाटावर आपला हक्क बसवला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले. कारखान्यांबरोबर मजुरी आली, वसाहती आल्या, शाळा आल्या, दवाखाने आले. आपले लोक कोणी मळ्यात कामाला लागले, कोणी कारखान्यात, कोणी शिकून मास्तर झाले, नर्स झाल्या. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारी आपली कॅथॉलिक भावंडेही याच पाटाच्या मुलखातून चालत जातात.

म्हणजे आपल्या अनेक मंडळ्या आणि भंडारदऱ्याचे धरण ही एकाच दुष्काळाची दोन लेकरे आहेत. एकाने आपल्या पूर्वजांना जगवले, दुसऱ्याने त्यांच्या नातवंडांना स्थैर्य दिले.

खालच्यांना पाणी, वरच्यांची खाचरे

पण धरण बांधायचे तर पाणी साठवायला जागा लागते. डोंगराळ मुलखात सपाट जमीन फक्त नदीच्या दोन्ही काठांना असते. भाताची चांगली खाचरेही तिथेच. जलाशय भरला तेव्हा खोऱ्याच्या तळाची तीच जमीन पाण्याखाली गेली. लोक वर सरकले, उतारावर. तिथे माती पातळ, दगड फार, आणि पावसाने धुपून जाणारी.

तेव्हा कायदा होता १८९४ चा भूसंपादन कायदा. सरकारला जमीन हवी असेल तर ती घेता येई आणि कागदावर ज्याचे नाव असेल त्याला रोख मोबदला मिळे. कागदावर नाव नसलेल्या कसणाऱ्याला काय? जंगलावर आणि गायरानावर जगणाऱ्याला काय? हातात आलेली रोकड संपल्यावर काय? याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. जमिनीला जमीन, घराला घर हा विचार फार उशिरा आला. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ साली झाला. धरण पूर्ण झाले १९२६ साली. मध्ये ५० वर्षे, म्हणजे दोन पिढ्या.

त्यानंतरही मागणी थांबली नाही. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले आणि जलाशयाभोवतालची गावे त्याच्या हद्दीत आली. शेकरू आणि जंगल राखले जाणे चांगलेच आहे. पण लाकूडफाटा, गवत, मध, चराई यांवर निर्बंध आले ते इथल्याच माणसांवर. मग जवळच घाटघरला उदंचन जलविद्युत प्रकल्प झाला. रात्री विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातले पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, अशी ही व्यवस्था. २५० मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. त्यासाठीही डोंगरातलीच जमीन लागली.

मी धरणाच्या विरोधात लिहीत नाही. त्याच पाण्यावर वाढलेली मी मुलगी. आमचे घर चारीच्या कडेला होते. वडील दुसऱ्याच्या उसाला रात्री पाणी द्यायला जात आणि पहाटे परतत तेव्हा त्यांच्या पायांना पाटाच्या गाळाचा वास येई. ते पाणी कोठून येते, हे मला शाळेत, संडे स्कूलमध्ये किंवा पुढे धर्मशास्त्राचा डिप्लोमा करतानाही कोणी सांगितले नाही. ते कळले रतनवाडीकडे कामाला जायला लागल्यावर.

धरण उशाला, कोरड घशाला

ही म्हण आपण सहज वापरतो. तलावाकाठच्या वाड्यांवर उन्हाळ्यात ती अक्षरशः खरी ठरते. इथे पाऊस कमी नाही. घाटघरला तर वर्तमानपत्रे जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. मग एप्रिल-मे महिन्यांत बायकांच्या डोक्यावर हंडे का?

याची तीन कारणे आहेत, ती नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिले, खडक. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. काळा पाषाण घट्ट असतो, त्यात पाणी मुरत नाही. मधूनमधून सच्छिद्र असा मांजऱ्या खडकाचा थर असतो, त्यात थोडे मुरते. पावसाचे बहुतेक पाणी उतारावरून धावत सुटते आणि काही दिवसांत जलाशयात जाते. विहिरींना मागे फार थोडे उरते.

दुसरे, उंची. वाड्या उतारावर आहेत आणि तलाव खाली. पाणी वर चढवायचे तर परवानगी, पंप, पाइप आणि दरमहा विजेचे बिल लागते. शिवाय साठलेल्या पाण्याचे वाटप आधीच खालच्या लाभक्षेत्रासाठी ठरलेले असते.

तिसरे, आवर्तन. उन्हाळ्यात आपल्याकडे पाटाला पाणी सुटते तेव्हा वर तलाव उतरतो. काठ दूर जातो, मध्ये भेगाळलेला गाळ उघडा पडतो. म्हणजे आपल्या गावात "पाट आला" म्हणून आनंद होतो, त्याच आठवड्यात रतनवाडीच्या बाजूला पाणवठा आणखी दहा पावले लांब गेलेला असतो.

भाताची मळणी झाली की घरातले तरुण नारायणगाव, जुन्नर, नाशिककडे भाजीपाल्याच्या आणि द्राक्षांच्या कामाला जातात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे राहतात. पाणी त्यांनाच आणावे लागते. अलीकडे पर्यटनामुळे फरक पडू लागला आहे. पावसाळ्यात धबधबे, मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे, हिवाळ्यात रतनगडाची चढाई यांमुळे घरगुती जेवण, मुक्काम, वाटाड्याचे काम असे चार पैसे गावात येतात. पण पाहुणा आला की त्यालाही आंघोळीला पाणी लागते, आणि ते हंडा डोक्यावर घेणारीलाच भरावे लागते.

आमची चूक

इथे मला आमच्याच कामातली एक चूक कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी जवळच्या एका वस्तीवर आम्ही हातपंप बसवला. देणगी आली होती, मार्चअखेर हिशोब द्यायचा होता. रस्त्याच्या कडेची जागा ठरवली, कारण बोअरची गाडी तिथपर्यंत येत होती आणि देणगीदारांच्या नावाची पाटी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार होती. खोदकाम चालू असताना एक आजी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाय, तिथं पानी न्हाई. वर उंबराखाली बघा." मी हसून म्हटले, "आजी, मशीन आलंय, आता बघा तुम्ही."

पहिल्या वर्षी पाणी आले. आम्ही फोटो काढले, वार्तापत्रात छापले. दुसऱ्या वर्षी होळीच्या आतच हातपंप कोरडा पडला. पाटी तेवढी राहिली.

मी पुन्हा गेले तेव्हा त्या आजींनी मला टोमणा मारला नाही. घरात बसवले, कोरा चहा दिला. मग विचारले, "तुमचं गाव कुठलं, बाई?" मी म्हटले, "राहात्याकडचं. पाटाच्या कडेला." त्या हसल्या. "मंग आमच्याच पान्यावर मोठ्या झाल्या की तुमी."

त्या सहज बोलल्या. मला मात्र तो चहा घशाखाली जाईना. वर्षानुवर्षे मी त्यांना "लाभार्थी" म्हणत होते. अहवालात तसा रकानाच असतो. त्या दिवशी कळले की या खोऱ्यातली पहिली लाभार्थी मी आहे.

दुसऱ्या दिवशी आजींनी उंबराखालचा झरा दाखवला. मांजऱ्या खडक आणि काळा पाषाण जिथे एकमेकांना भेटतात, नेमक्या त्या सांध्यातून तो पाझरत होता. उंबर तिथे का वाढला हे त्यांना ठाऊक होते, भूगर्भशास्त्राचे पुस्तक न वाचता. पूर्वी सगळी वस्ती त्यावर पाणी भरत असे. हातपंप आल्यावर झरा दुर्लक्षित झाला, गाळाने बुजला, जनावरे त्यात बसू लागली. पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी श्रमदान केले. गाळ काढला, दगड रचून झऱ्याचे तोंड बंदिस्त केले, वर चर खोदून पावसाचे पाणी मुरवायची सोय केली, आणि पाइप टाकून उताराने पाणी वस्तीजवळच्या टाकीत आणले. पंप नाही, वीज नाही, बिल नाही. आम्ही फक्त सिमेंट, पाइप आणि एक गवंडी दिला. मेमध्ये धार बारीक होते, पण तुटत नाही. तिथे पाटी लावलेली नाही.

हातपंपाचा फोटो आम्ही छापला होता, तो कोरडा पडल्याची बातमी मात्र छापली नाही. आज ती छापत आहोत, उशिराने.

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाची गोष्ट आहे. बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना ठेवली. नवीन नाव दिले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. आमच्या कामाचा नियम आता तोच आहे. आधी विचारायचे की जुने पाणी कोठे होते, त्याला काय म्हणत, आणि ते का बुजले.

दाविदाने न प्यालेले पाणी

आता त्या भाऊंच्या प्रश्नाकडे येते.

२ शमुवेलच्या २३ व्या अध्यायात दाविदाची एक हकिकत आहे. लढाईच्या धामधुमीत त्याला बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले. त्याच्या तीन वीरांनी जिवावर उदार होऊन शत्रूच्या छावणीतून वाट काढली आणि ते पाणी आणले. दाविदाने ते प्यायले नाही. परमेश्वरापुढे ते ओतून टाकले, कारण त्या पाण्यात त्याला त्या माणसांचे रक्त दिसले.

आपण पाटाचे पाणी ओतून टाकू शकत नाही, आणि कोणी तसे म्हणतही नाही. पण ते कोणाची किंमत मोजून आले, हे दाविदासारखे ओळखू तर शकतो. ते ओळखले की देणगीचा अर्थ बदलतो. रतनवाडीला जे देतो तो आपला उपकार नसतो, शंभर वर्षांच्या ऋणाची थोडीशी फेड असते. फेड करताना समोरचा आपल्या मंडळीचा आहे का, हे कोणी विचारत नाही. ज्याचे देणे, त्याला द्यायचे. म्हणून तिथल्या पाण्याच्या कामाला आपण कसलीही अट घातलेली नाही. उपासनेला या, नाव नोंदवा, असे कोणालाही म्हटलेले नाही आणि म्हणणार नाही. आपण कोण आहोत हे ते जाणतात. सुवार्ता काय आहे हे आपल्या वागण्यावरून त्यांना समजावे, एवढीच माझी प्रार्थना.

फेडीतही फक्त पाइप आणि सिमेंट पुरत नाही. वनहक्क कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो, आणि गावाला जंगलावर सामूहिक हक्कही मागता येतो. ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा. हे कायदे कागदावर चांगले आहेत, पण दावा भरायचा, पुरावे जोडायचे, नाकारला गेला तर अपील करायचे, हे काम चिकाटीचे आहे. आपल्या मंडळ्यांत वकील आहेत, निवृत्त तलाठी आहेत, शिक्षक आहेत. वर्षातले चार दिवस त्यांनी तिथे दिले, तर ते पैशापेक्षा मोठे अर्पण होईल.

आपण काय करू शकतो

पुढच्या कापणीच्या सणाला आपापल्या मंडळीत एक गोष्ट करावी, अशी विनंती आहे. वेदीजवळ उसाशेजारी पाण्याचा एक तांब्या ठेवावा आणि उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल, घाटघर, साम्रद, उडदावणे, पांजरे, मुरशेत ही नावे घ्यावीत. सणाच्या अर्पणातला काही भाग झऱ्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा काढावा. जुने कपडे कृपया पाठवू नयेत. ते मागच्या वर्षीचेही पडून आहेत.

जमले तर स्वतः जाऊन यावे, आणि फक्त पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यातही. गावातल्याच घरी जेवावे, त्याचे पैसे द्यावेत, प्लास्टिक परत आणावे आणि तांब्याभर पाणी दिले तर ते सांडू नये.

प्रार्थनेसाठी विषय : तलावाकाठच्या वाड्यांवरील उन्हाळ्याचे पाणी. कामासाठी बाहेर गेलेले तरुण सुखरूप परतावेत. प्रलंबित वनहक्क दाव्यांना न्याय मिळावा. आणि आम्हा सेवकांना ऐकण्याचे कान मिळावेत.

त्या ज्येष्ठ भाऊंना मी हा मजकूर छापण्याआधी वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "मेमध्ये कधी जाणार आहात?" तारीख ठरली की त्यांना कळवायचे आहे.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक भगिनी, आदिवासी सेवाकार्य